खांबामागचा मार्शल

१

कुणीतरी एकाने तरी मान वळवायला हवी होती.

याहून जास्त काही नको होतं. अकरा माणसं होती त्या खोलीत. धडधाकट, तेज नजरेची. समोरच्याच्या गाडीचं टायर अर्ध्या मिलिमीटरने रुंद असलं तर टेबलापलीकडून ओळखणारी. आणि त्यांच्यापासून पंधरा पावलांवर, एका बिडाच्या खांबामागे, एक म्हातारा माणूस स्टुलावर बसल्या जागी मरत होता. मेला. त्यानंतर चौदा फेऱ्या झाल्या, टाळ्या वाजल्या, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की विल्फ चहाला आलेला नाही.

विल्फ म्हणजे माझे आजोबा.

क्लबने घरी कार्ड पाठवलं होतं. ‘आवडतं काम करताना, क्षणात, काहीही न कळता गेले.’ बाबांनी ते फ्रिजवर लावलं. वर्षभर ते तिथेच आहे. दूध काढताना मी रोज ते वाचते आणि रोज माझं डोकं फिरतं. कारण हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई बाबांशी नाही, माझ्याशी बोलल्या होत्या. म्हणाल्या, सापडायच्या निदान तासभर आधी गेलेत. मग म्हणाल्या, “वेळेवर आणलं असतं तर...” आणि पुढचं गिळलं. रुग्णवाहिकेचं ठाणं गिरणीच्या उताराखालीच आहे. पाच मिनिटांवर.

यंदा क्लबने आजोबांच्या नावाने चषक ठेवला होता. तो देताना सेक्रेटरी क्लिफर्ड तेच वाक्य मोठ्याने वाचणार होते. तसं त्यांनी आम्हाला आधीच कळवलं होतं, बाबांना बरं वाटावं म्हणून.

ते वाक्य मी वाचू देणार नव्हते.

२

आमच्या गावातल्या गिरण्या बंद पडून चाळीस वर्षं झाली. या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिथे पूर्वी माग होते, तिथे आता क्लबचा ट्रॅक आहे. लाकडी, काळा, खोलीभर नागमोडी पसरलेला, सहा खाचांचा. प्रत्येक खाचेत एकेक गाडी धावते. गाडी हाताच्या पंज्याएवढी, पण युद्धापूर्वीच्या खऱ्या ग्रां प्री गाडीची हुबेहूब नक्कल: हिरव्या इंग्रजांच्या, लाल इटलीच्या, निळ्या फ्रान्सच्या. आत बसवलेल्या ड्रायव्हरला डोकं, खांदे आणि दोन्ही हात असलेच पाहिजेत, असा नियम आहे. आजोबा त्या चिमुकल्या चेहऱ्यांवर भिंगाखाली चष्मे रंगवायचे.

नोव्हेंबरातला रविवार. सकाळी साडेनऊला पोचले तेव्हा तपासणी चालू होती. क्लिफर्ड एकेक गाडी काट्यावर ठेवत होते. कोपऱ्यातल्या खिडकीशी क्लबचा चहा-नाश्ता बघणारी मॅव्हिस बेकन परतत होती. बेकन, टायरला लावायचं तेल आणि ओले कोट, तिन्हींचा मिळून एक वास. तो लहानपणापासून ओळखीचा.

“आली बघा वकीलबाई,” डेरेक म्हणाला. तो क्लबातला सगळ्यात वेगवान, आणि ते त्याला ठाऊक आहे. “काय गं हेटी, आमच्यावर खटला भरतेस की काय?”

“पुरावा असेल तर भरेन.”

“लीड्सच्या कॉलेजात हेच शिकवतात वाटतं. आमच्या वेळी बरं होतं, कुणी काहीच शिकवत नव्हतं.”

“दिसतंय ते.”

दोघंतिघं हसले. पलीकडच्या खोऱ्यातल्या क्लबातून पाहुणा म्हणून आलेला लेस्टर सगळ्यात मोठ्याने हसला. तोंडात पाव कोंबलेला होता त्याच्या. “सुरू किती वाजता करताय ते सांगा,” तो म्हणाला. “चारच्या आत निघायचंय मला.”

मॅव्हिसने माझ्या हातात चहा दिला. “गाडी नाही आणलीस?”

“मार्शलचं काम करायला आलेय. खांबाच्या वळणावर.”

चहात साखर नव्हती ते तिला आठवलं, आणि मला साखर लागत नाही हेही आठवलं असावं, तरी तिने दोन चमचे घातले.

तेवढ्यात सरावाला निघालेली डेरेकची लाल गाडी लांबच्या वळणावर उडाली. खांबामागून लाकडावर आपटल्याचा आवाज आला. डेरेक ओरडला, “मार्शल! लाल!” आणि दोनच क्षणांत गाडी खांबाच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडून सरळ धावत गेली.

“आभारी!” डेरेक ओरडला. ट्रॅकवरून नजर न हलवता.

तिथे कोण बसलंय ते बघायला मी गेले. जागा मोकळी करायला सांगणार होते.

स्टूल रिकामं होतं. त्यावर जुन्या टायरांचा खोका ठेवलेला होता. खोक्यावरची धूळ कुणी विस्कटलेली नव्हती.

कधीकधी उडालेली गाडी आपटून आपोआप खाचेत परत बसते. हजारात एकदा. आजोबांनीच मला सांगितलं होतं. मी खोका खाली ठेवला.

३

मार्शलचं काम सोपं आहे. शर्यतीत नसलेल्यांनी एकेका वळणावर बसायचं. खाचेतून उडालेली गाडी उचलायची, परत खाचेत बसवायची. आजोबांची नजर अधू झाल्यापासून ते गाडी चालवत नसत. दिवसभर मार्शलच असायचे, आणि नेहमी खांबाच्या वळणावर, कारण ती जागा कुणालाच नको असायची. गार पडते. गाड्या चालवणारे समोरच्या चौथऱ्यावर उभे असतात, त्यांना खांबामुळे तिथला माणूस दिसतच नाही. दिसतो फक्त गाडी ठेवणारा हात.

प्रत्येक मार्शलजवळ एक लाल बटण असतं. काही भलतं झालं तर ते दाबायचं. सगळ्या ट्रॅकची वीज जाते. मग क्लिफर्ड संगणकापाशी बसूनच विचारतात, “मोकळा का?” आणि मार्शलने फक्त हात वर करायचा. बोलायचं नाही. पूर्वी सगळे एकदम बोलायचे आणि गोंधळ व्हायचा, म्हणून हा नियम. हात वर झाला की तीन, दोन, एक, आणि वीज परत.

शर्यत सुरू व्हायच्या आधी मी क्लिफर्डसमोर गेल्या वर्षीच्या निकालाचा कागद ठेवला. तो त्यांनीच सगळ्यांना पाठवला होता. सगळ्यांनी त्यात फक्त आपापल्या चकरा मोजल्या होत्या.

“ही ओळ वाचा, क्लिफर्ड.”

त्यांनी चष्मा वर सारला. “दोन वाजून बारा मिनिटं. ट्रॅक थांबवला, नऊ सेकंद.”

“कुठून थांबवलं होतं?”

“खांबावरून,” ते म्हणाले.

“म्हणजे त्यांनी मदत मागितली होती.”

“हेटी, थांबे दिवसातून दहादा होतात. मी विचारलं ना. दर वेळी विचारतो तसंच विचारलं. त्याचा हात वर होता. मी स्वतः पाहिला. सगळ्यांनी पाहिला. आणि त्यानंतरही तो गाड्या ठेवत होता, पोरी! शेवटच्या फेरीपर्यंत. डेरेकची त्याने दोनदा ठेवली.”

“ते तासभर आधीच गेले होते, क्लिफर्ड.”

“डॉक्टर चुकतात.”

“आणि तुम्ही नाही.”

क्लिफर्ड तसे वाईट माणूस नाहीत. आजोबांच्या अंत्यविधीला त्यांनीच शवपेटीला खांदा दिला होता. याचाच तर मला जास्त संताप येतो. वाईट माणसांशी भांडता येतं. या चांगल्या, प्रेमळ, रविवारी बेकन खाणाऱ्या माणसांनी एक खोटं रचलं, सगळ्यांनी मिळून, एकमेकांना न विचारता, आणि त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वासही बसला. मेलेला माणूस गाड्या ठेवत होता म्हणे!

“आज मी बसते तिथे,” मी म्हणाले.

४

माझा बेत साधा होता. एकही गाडी उचलायची नाही. हाताची घडी घालून बसायचं. दुपारी दोननंतर बटण दाबायचं आणि हात वर करायचा नाही. त्यांना खांबापर्यंत चालत यायला लावायचं. पंधरा पावलं. ते आले की सगळ्यांसमोर विचारायचं: आज आलात, तेव्हा का नाही?

बसण्याआधी मी मोबाइलचा उजेड पाडून सगळी जागा पाहिली. ट्रॅकखाली लाकडी घोड्या, वायरींचे पुंजके, एक मेलेला पतंग. डाव्या हाताला खांब. खांब आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर फट, तिच्यातून वर जाणारा गंजका पाइप. मांजरसुद्धा राहिलं नसतं तिथे.

सकाळच्या फेऱ्यांत मी बेत बाजूला ठेवून नीट काम केलं. संशय नको यायला. एक लक्षात आलं. इतर वळणांवर दर फेरीला चारपाच गाड्या उडत होत्या, ओरडा चालू होता. माझ्या वळणावर मी सकाळभरात फक्त दोन गाड्या ठेवल्या. उडण्याचे आवाज मात्र मी जास्त ऐकले होते. ठक्. मी वळून पाहीपर्यंत ट्रॅक मोकळा असायचा, आणि चौथऱ्यावरून कुणीतरी म्हणायचं, “आभारी!”

रात्री झोप झाली नव्हती. आवाज पलीकडच्या वळणाचा असेल. मोठ्या रिकाम्या खोलीत आवाज कुठून येतो ते कळत नाही. मी असं सगळं स्वतःला नीट मुद्देसूद सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत डेरेक माझ्यापाशी आला. मान खाली घालून म्हणाला, “झकास करतेस गं. विल्फसारखी. हात पण तसाच शांत.”

“कितीदा ठेवली तुझी गाडी मी?”

“मोजली कुणी? सहा? सात?”

मी त्याची एकदाही ठेवली नव्हती.

५

दुपारी दोन. मी दोन्ही हात काखांमध्ये दाबून बसले.

गाड्या सुटल्या की ट्रॅक गुणगुणतो. स्टुलाच्या पायांतून ते वर हाडात येतं. पहिल्या मिनिटाला निळी गाडी आली, मागचा भाग घसरला, उडाली, माझ्या गुडघ्यासमोर उलटी पडली. चाकं गरगरत होती. ड्रायव्हरचं डोकं लाकडाला टेकलेलं.

मी हलले नाही. तशीच बसून राहिले. पुराव्यासारखी.

“मार्शल! निळी!”

मी ओरडणाऱ्याच्या दिशेने पाहिलं. सवयीने. अर्धा क्षण. परत पाहिलं तर गाडी नव्हती.

“आभारी, हेटी!”

माझे हात काखेतच होते. घामाने चिकट झालेले.

मग मी नजर हलवायची नाही असं ठरवलं. लाल गाडी उडाली. मी तिच्याकडे रोखून पाहत राहिले. डोळे चुरचुरले, पाणी आलं. गाडी तिथेच होती, तिथेच होती. डेरेक शिव्या देत होता. आणि मला वाटलं, संपलं, आता येतील ते.

पापणी लवली. गाडी गायब.

मी कोपराने बटण दाबलं.

गुणगुण बंद पडली. खोली एकदम मोठी झाली. कुठेतरी मॅव्हिसची किटली तेवढी वाजत होती.

“खांब?” क्लिफर्डचा आवाज. “काय झालं? मोकळा का?”

मी गप्प. या. चालत या.

एक, दोन, तीन. कुणीतरी चौथऱ्यावर पाय हलवले. चार. कुणीतरी उसासा टाकला. पाच, सहा. आता कुणीतरी म्हणणारच होतं, थांबा रे, बघून येतो. सात. मला ते ऐकायचं होतं. वर्षभर मला तेवढंच ऐकायचं होतं.

आठ.

“ठीक!” क्लिफर्ड म्हणाले. “तीन, दोन...”

मी डावीकडे पाहिलं.

वीतभर फटीतून, पाइपाच्या बाजूने, एक उजवा हात वर गेलेला होता. कोपरापर्यंत. तळवा चौथऱ्याकडे. थकलेला नाही, घाईत नाही. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा असतो तसा.

आजोबांच्या उजव्या हाताचं पहिलं बोट मागात गेलं होतं, दुसऱ्या पेरापासून. अठराव्या वर्षी. याच मजल्यावर. मी लहानपणी ते थोटूक धरून चालायला शिकले.

या हाताला पाचही बोटं होती. सगळी पुरी. नखं स्वच्छ कापलेली.

वीज आली. हात खाली आला, आणि खाली येताना माझ्या खांद्यावर टेकला. मायेने टेकवावा तसा. मग त्याचं वजन वाढत गेलं. मला उठता येईना. मला ओरडता येईना. छातीत हवा शिरेना. समोरून गाड्या जात होत्या, हिरवी, लाल, निळी, आणि चौथऱ्यावर सहा चेहरे होते, सहाही खाली झुकलेले, आणि मला कळलं की आजोबांनी शेवटचं हेच पाहिलं.

माझे आजोबा फार गोड माणूस होते. आयुष्यात कुणावर चिडले नाहीत. तो हात खांद्यावर आला तेव्हा तेही बसून राहिले असणार. परत शर्यत कशाला मोडायची, एवढी फेरी होऊ दे.

मी त्यांच्यासारखी नाही. मी त्या हाताला चावले. तोंडात काय आलं ते मी सांगणार नाही. स्टूल उलटं झालं आणि मी मोकळी झाले.

६

मी खांबामागून बाहेर आले तेव्हाही कुणी पाहिलं नाही. मी ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर मधोमध दोन्ही हात ठेवले. गाड्या येऊन हातांवर आदळल्या. एक, दोन, तीन. मनगटाची कातडी फुटली. तेव्हा सहा माना वर झाल्या.

“काय करतेस काय तू!” डेरेक ओरडला. मग त्याला माझं तोंड दिसलं.

“खांबावरून हात वर झाला तो कुणी पाहिला?” मी विचारलं.

“सगळ्यांनी,” क्लिफर्ड म्हणाले. “अगं, म्हणून तर...”

“माझे हात काखेत होते.”

बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता, बोलायला काही निमित्तच नव्हतं.

“त्या हाताला बोटं किती होती? सांगा. गेल्या वर्षी किती होती? वीस वर्षं विल्फबरोबर बसून चहा प्यायलात तुम्ही. टायर मोजता, वजन मोजता, बाहुल्याला दोन हात आहेत का ते भिंग लावून बघता. बोटं किती होती?”

डेरेकने हातातला कंट्रोलर खाली ठेवला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटतं तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि त्याला आठवत होतं.

“मी विचारलं होतं, हेटी,” क्लिफर्ड म्हणाले. आवाज फाटला होता. “मी दर वेळी विचारतो. हात वर होता. मग मी काय करायला हवं होतं?”

“चालत जायला हवं होतं. पंधरा पावलं. आता जा.”

ते उठले. संगणकाच्या टेबलाला धरून उभे राहिले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. खांबाकडे पाहिलं. तिथे अर्धवट काळोख होता, उलटं पडलेलं स्टूल होतं. क्लिफर्ड तिथेच थांबले. मग त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला, ज्यावर ते वाक्य लिहिलेलं होतं, आणि माझ्या हातात दिला. “हे मी वाचणार नाही,” ते म्हणाले. “पण तिकडे जायला मला सांगू नकोस.”

“मग कोण जातंय?”

मॅव्हिसने गॅस बंद केला. डेरेक आपल्या बुटांकडे बघत होता. बाकीच्यांपैकी कुणी ट्रॅकवर वाकून धूळ पुसू लागला, कुणी आपल्या गाडीचं चाक फिरवून पाहू लागला. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेले आणि एकेक तोंड खाली जात गेलं.

तेव्हा लेस्टरने घड्याळात पाहिलं आणि हातावरचे पावाचे कण झटकले.

“हे बघा, अजून चौदा फेऱ्या राहिल्यात,” तो म्हणाला, समजूत घातल्यासारखा. “ते वळण रिकामंच राहू द्या ना. तिथलं काम काही अडत नाहीये.”